‘प्रयोग ओळखा’ : एका प्रश्नाची परीक्षा

शालान्त परीक्षेतील ‘प्रयोग ओळखा’ हा प्रश्न विचारशक्तीचा निदर्शक समजला जातो. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. ‘शिपायाने चोरास पकडले’ हे वाक्य घ्यावे. ‘ने’ आणि ‘स’ ही चिन्हे दिसताच विद्यार्थी ‘भावे’ असे लिहितो. क्रियापद कोणाच्या लिंगवचनानुसार बदलते, याकडे त्याने पाहिलेलेच नसते. गुण मात्र पूर्ण! आता ‘मी पोथी वाचली’ हे वाक्य द्यावे. येथे ‘ने’ नाही. तेव्हा चिन्हांवर विसंबणारा ‘कर्तरी’ म्हणतो. ‘पोथी’च्या जागी ‘ग्रंथ’ घालून ‘वाचला’ असे रूप होते, हे ज्याने पडताळले तो ‘कर्मणी’ म्हणेल. अर्थात हेही वाक्य वर्गात घोटून घेतले असेल, तर ते स्मरणाचेच काम. ब्लूम यांच्या १९५६ च्या वर्गीकरणाच्या आधारे प्रश्नापुढे ‘उपयोजन’ असा शिक्का मारणारे त्यातीलच एक सावधगिरी विसरतात : विद्यार्थ्यास पूर्वी काय शिकविले हे कळल्यावाचून प्रश्नाची कोटी ठरत नाही. ‘तू पोथी वाचलीस’ यातील ‘ली’ कोणामुळे व ‘स’ कोणामुळे, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. त्याचे उत्तर पारिभाषिक नावाने भागत नाही. तपासनिसाचे काम त्यामुळे वाढते, हे मान्य आहे.