राजाराम जोशी ते खाँसाहेब

'चतुरस्र अभिनेता' हे विशेषण आपल्याकडे सत्काराच्या शालीसारखे कोणाच्याही खांद्यावर पडते. दोन विनोदी भूमिका आणि एखादा खलनायक केला की नट चतुरस्र झाला! नसीरुद्दीन शाह यांच्याबाबतीत या शब्दाचा अर्थ जरा नीट लावून पाहावा, असे आम्हाला वाटते. राजाराम पुरुषोत्तम जोशी, भास्कर कुलकर्णी, आल्बर्ट पिंटो, नौरंगिया, मिर्झा गालिब, गुलफाम हसन ही सगळी नावे एकाच माणसाने पडद्यावर धारण केली. नावावरून जात आणि धर्म ताडणाऱ्या आपल्या देशात ही यादी साधी नाही. त्यातही एक गोष्ट लक्षात घ्यावी. युसूफ खान दिलीपकुमार झाले, महजबीन मीनाकुमारी झाली. नसीरने आपले लांबलचक नाव जसेच्या तसे पाटीवर ठेवले आणि मग जोशी-कुलकर्णी व्हायला निघाला. (नटाचा एकेरी उल्लेख करण्याची मराठी रीत आम्हीही पाळतो. त्यात अनादर नाही, जवळीक आहे.)

ही जवळीक आम्हा मराठी वाचकांना थोडी हक्काने सांगता येते. नसीरच्या उमेदीच्या काळातले बरेच काम मराठी लेखणीतून आले आहे. १९७५ चा 'निशांत' आणि १९८० चा 'आक्रोश' विजय तेंडुलकरांनी लिहिले. १९८१ चा 'चक्र' जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा. सई परांजपे यांच्या 'कथा'चे मूळ शं. गो. साठे यांच्या नाटकात. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून निघालेल्या 'अर्धसत्य'मध्ये नोकरी गमावलेला, दारूत बुडालेला पोलीस अधिकारी माइक लोबो काही मिनिटांपुरता येतो आणि ओम पुरीच्या वेलणकरला त्याचे संभाव्य भविष्य दाखवून जातो. तोही नसीरच. 'देऊळ' या २०११ च्या मराठी चित्रपटातही तो ओझरता दिसला.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगतो. जन्म उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीचा, वडील सरकारी नोकरीत, शिक्षण नैनीताल-अजमेरच्या मिशनरी शाळांत आणि मग अलीगढला. पुढे राष्ट्रीय नाट्यविद्यालयात इब्राहिम अल्काझी हे गुरू लाभले. अल्काझी अरब वडिलांचे, पण जन्माने पुणेकर. नंतर नसीर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आला. तिथे विद्यार्थ्यांच्या संपात तो आघाडीवर होता आणि संस्थेचे संचालक होते गिरीश कर्नाड. ज्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या त्याच कर्नाडांनी श्याम बेनेगलांकडे त्याचे नाव सुचवले आणि 'निशांत' मिळाला. कर्नाडांचा हा मोठेपणा नसीरने पुढे मोकळेपणाने सांगितला आहे. पद्मश्री (१९८७), पद्मभूषण (२००३), 'स्पर्श' आणि 'पार'साठी राष्ट्रीय पुरस्कार, 'पार'साठीच १९८४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेता, हे सारे सर्वांना ठाऊक आहे.

मानसन्मानापेक्षा कामाकडे वळू. 'स्पर्श'मधला अंध मुख्याध्यापक अनिरुद्ध परमार आठवावा. आपल्या चित्रपटांत आंधळा म्हणजे हात पुढे करून चाचपडणारा आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांतून पाणी काढणारा. नसीरचे डोळे उघडे आहेत, पण नजर कुठे टेकत नाही. समोरचा बोलू लागला की त्याचा चेहरा नव्हे, तर कान तिकडे वळतो. मात्र आम्हाला या भूमिकेचे मोठेपण दिसते ते अनिरुद्धच्या चिडखोरपणात. त्याला दया नको आहे, आणि ती नको म्हणता म्हणता तो प्रेमही झिडकारून बसतो. हा माणूस क्वचित असह्य होतो. दुबळ्याला असह्य होण्याचा हक्क देणारा नट विरळा! ज्या समाजाला उठता-बसता एकतर सहानुभूती मिळते नाहीतर संशय, त्या समाजातल्या वाचकाला अनिरुद्धची चीड वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

'कथा'तला राजाराम जोशी याच्या अगदी उलट. चाळीतला कारकून, सगळ्यांची कामे करणारा, मनातले प्रेम ओठावर न येणारा. त्याचे सगळे पळवणारा बाशू रंगवला आहे फारुख शेखने. म्हणजे मराठी चाळीतला ससा आणि कासव, दोघेही मुसलमान नटांनी उभे केले, आणि चाळीला त्याचा पत्ताही लागला नाही. राजारामची चाल पाहा. खांदे किंचित पुढे झुकलेले, पावले आखडती, जणू गॅलरीत समोरून येणाऱ्याला आधीच वाट करून द्यायची आहे. ही चाल कोणत्याही पुस्तकातून मिळत नाही.

'आक्रोश'मध्ये तो वकील आहे आणि त्याचा आदिवासी अशील लहान्या भिकू एक शब्द बोलत नाही. टाळ्या ओम पुरीच्या मौनाला मिळाल्या, त्या योग्यच. पण त्या मौनासमोर बसून प्रश्न विचारत राहणारा, हळूहळू आपल्याच सज्जनपणाची लाज वाटू लागलेला भास्कर कुलकर्णी नसता तर ते मौन ऐकू आले असते का? 'पार'मध्ये तर तो आणि शबाना आझमी, मुसलमान घरांतले हे दोन कलावंत, बिहारमधले दलित जोडपे झाले आणि डुकरांचा कळप घेऊन नदीत उतरले. आमच्यातल्या सोवळ्या मंडळींनी त्यावर नाक मुरडायचे तर जरूर मुरडावे. पोट भरायला त्या पाण्यात उतरणाऱ्या नौरंगियाला तशी सवलत नव्हती.

आता 'भारत एक खोज'. १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या बेनेगलांच्या या मालिकेत छत्रपती शिवाजी महाराज झाला होता नसीरुद्दीन शाह, आणि औरंगजेब झाला होता ओम पुरी. हे पात्रवाटप पुन्हा एकदा वाचावे. आमच्या पिढीतल्या अनेकांना शाळेचे स्नेहसंमेलन आठवेल. अफजलखान कोण होणार हे हजेरीपटावरूनच ठरलेले असे, आणि आमचा एखादा मुलगा खोटी दाढी लावून मुकाट्याने पोटावर वाघनखे झेलत असे. कोणी वाईट हेतूने करत नसे, म्हणूनच ते अधिक लागत असे. महाराजांच्या दरबारात आणि सैन्यात मुसलमान होते, हे आम्ही व्याख्यानांतून सांगत आलो. पण महाराजांच्याच वेषात एक मुसलमान नट उभा राहतो आणि भूमिका करून आपल्या घरी जातो, हे व्याख्यानाहून मोठे काम आहे. कॅलेंडरावरची ऐट त्यात नाही, विचार करणारा राज्यकर्ता आहे. आज असे पात्रवाटप करायला किती निर्माते धजतील, हा प्रश्न आम्ही विचारून ठेवतो. याच नटाने पुढे फिरोज अब्बास खान यांच्या 'महात्मा व्हर्सेस गांधी' या नाटकात आणि २००० च्या 'हे राम' चित्रपटात गांधीजी साकारले. एकाच माणसाच्या वाट्याला शिवाजी आणि गांधी दोन्ही येणे, हा योग हिंदी पडद्यावर दुर्मीळच.

मग मुसलमान भूमिकांचे काय? इथे आमचा त्याच्याशी थोडा झगडा आहे. गुलजारांच्या 'मिर्झा गालिब'बद्दल (१९८८) नाही. विद्यार्थिदशेतच त्याने या भूमिकेसाठी गुलजारांना पत्र लिहिले होते. त्याचा गालिब शेर फेकत नाही, बोलता बोलता त्याच्या तोंडून शेर निघून जातो. उमराव बेगम झालेली तन्वी आझमी म्हणजे आपल्या उषाकिरण यांची कन्या. गालिबची सातही मुले बाळपणीच गेली. त्या घरातले नवरा-बायकोचे बोलणे हे दोघे इतके साधे ठेवतात की शायराच्या थोरवीपेक्षा त्या घरातला रिकामा पाळणाच जास्त लक्षात राहतो.

झगडा आहे तो १९९९ च्या 'सरफरोश'शी. गुलफाम हसन हा भारतातून पाकिस्तानात गेलेला मुहाजिर गजलगायक, आणि आतून शस्त्रास्त्रांचा सौदागर. नसीरने त्याला मुहाजिराची खरी जखम दिली, हे मान्य. पण ज्या चेहऱ्यावर आम्ही गालिब पाहिला त्याच चेहऱ्याने गजलेला बंदुकीचे आवरण केले. त्यानंतर हिंदी पडद्यावर उर्दूचा नाजूक उच्चार ऐकला की प्रेक्षक संशयाने पाहू लागला असेल, तर त्यात या उत्तम अभिनयाचाही वाटा आहे. वाईट नटाने ती भूमिका केली असती तर नुकसान कमी झाले असते! २००८ च्या 'अ वेन्सडे'मधला सामान्य माणूस निनावी आहे. शेवटी पोलीस अधिकारी त्याचे नाव सांगायचे टाळतो, कारण लोक नावात धर्म शोधतात. कल्पना सुंदर. पण ज्यांना तो खटल्याविना उडवतो त्यांची नावे मात्र प्रेक्षकाला नीट कळतात. नाव झाकण्याची ही उदारता एकाच बाजूला का, हे आम्हाला उमगलेले नाही.

याच सुमाराची दोन कामे मात्र मनात घर करून आहेत. पाकिस्तानी दिग्दर्शक शोएब मन्सूर यांच्या 'खुदा के लिये'मधला (२००७) मौलाना वली न्यायालयात येऊन संगीत आणि सक्तीचा निकाह यांवर मजहबच्याच भाषेत बोलतो. दुसरे, नंदिता दास यांच्या 'फिराक'मधले (२००८) खाँसाहेब. २००२ च्या गुजरातनंतरचे दिवस, म्हातारा गवई, आणि बाहेरची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचू नये म्हणून झटणारा नोकर करीम. वलीची मजार होती तिथे आता काहीच नाही, हे खाँसाहेबांना दिसते. हा वली म्हणजे वली दखनी, ज्याला वली औरंगाबादीही म्हणतात. आपल्या मराठवाड्याच्या मातीतला शायर. त्याची अहमदाबादची मजार २००२ मध्ये खरोखरच जमीनदोस्त झाली. त्या प्रसंगात नसीर रडत नाही, ओरडत नाही. नेहमीच्या जागी नेहमीची वस्तू न सापडलेल्या म्हाताऱ्यासारखा गोंधळतो. बस्स. आणि 'इश्किया'तला (२०१०) खालूजान? लबाड, भुरटा, उतारवयात प्रेमात पडलेला. संत नाही, दहशतवादी नाही, देशभक्तीचा दाखलाही कोणी मागत नाही. असे मुसलमान आमच्या गल्लीत आहेत, पडद्यावर फार थोडे.

नट म्हणून त्याला पाहायचे सोडून अलीकडे सगळे त्याची विधाने मोजतात. डिसेंबर २०१८ मध्ये बुलंदशहरच्या हिंसेबद्दल आणि आपल्या मुलांच्या काळजीबद्दल तो बोलला, तेव्हा अजमेरच्या साहित्य महोत्सवातला त्याचा कार्यक्रम रद्द झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये तालिबानच्या पुनरागमनावर खूश होणाऱ्या भारतीय मुसलमानांना त्याने सुनावले, तेव्हा आमच्यातले बरेच जण दुखावले. ज्यांनी आधी टाळ्या दिल्या त्यांनी शिव्या दिल्या, शिव्या देणाऱ्यांनी टाळ्या. हमीद दलवाईंच्या महाराष्ट्रात हे दृश्य नवे नाही. आम्हाला वाटते, दोन्ही वेळी तो एकच गोष्ट सांगत होता. पण ते ऐकायला त्याचे काम पाहिलेले असावे लागते.

रंगभूमीवर तो कधी थांबला नाही. टॉम आल्टर आणि बेंजामिन गिलानी यांच्याबरोबर 'मोटली' ही संस्था काढली आणि १९७९ साली बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'ने सुरुवात केली. २००० मधल्या 'इस्मत आपा के नाम'मध्ये इस्मत चुगताईंच्या तीन कथा कसलीही काटछाट न करता रंगमंचावर येतात. हिबा आणि रत्ना पाठक एकेक कथा करतात आणि 'घरवाली' नसीर करतो. सगळी पात्रे एकटाच. लाजो ही मोलकरीण, तिचा मिर्झा, शेजारीपाजारी. पंचावन्न-साठीचा पुरुष मान किंचित वळवतो, काखेत हात घेतो आणि लाजो उभी राहते. स्त्रीवेष नाही, बायकी आवाजही नाही. बलुतेदार मुसलमान बायकांच्या अशा कथा मराठीतही लिहिल्या गेल्या आहेत, आमच्याच लेखक-लेखिकांनी. त्या उचलून, न कापता, तोंडपाठ करून कोणीतरी रंगमंचावर उभे राहावे, एवढीच त्यांची अडचण आहे.