वारसा आणि वारस : ग्रीक स्थलांतरित दिग्दर्शकांच्या लघुपटांतील अस्मिताशोध

प्रस्तावना

'डायस्पोरा' ही संज्ञा आज समाजशास्त्रापासून साहित्यसमीक्षेपर्यंत सर्वत्र रूढ झाली आहे. ती मूळची ग्रीक असून बी विखरून पेरणे या अर्थाच्या क्रियापदाशी तिचे नाते आहे. ज्या भाषेने जगाला हा शब्द दिला, त्या भाषेचे लोकही विसाव्या शतकात दूरदूर पांगले. शतकाच्या प्रारंभी दारिद्र्यामुळे हजारो ग्रीक तरुण अमेरिकेला गेले. दुसरे महायुद्ध आणि त्यानंतरचे १९४६ ते १९४९ या काळातील यादवी युद्ध यांनी देश उद्ध्वस्त केला. १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेल्या स्थलांतर करारानंतर मेलबर्नसारख्या शहरात ग्रीकांची मोठी वसाहत उभी राहिली. या स्थलांतरितांच्या मुलांनी पुढे कॅमेरा हाती घेतला.

अशा दिग्दर्शकांच्या कलाकृतींविषयी लिहिताना 'दोन संस्कृतींमधील ओढाताण' हे सूत्र वारंवार वापरले जाते. हे सूत्र चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. वारसा म्हणजे आधीच भरून ठेवलेली पेटी असून ती स्वीकारायची की नाकारायची एवढाच प्रश्न वारसापुढे असतो, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात ग्रेगरी मार्कोपूलॉस, अ‍ॅना कोकिनोस आणि अँथनी मारास या तीन दिग्दर्शकांच्या सहा मिनिटांपासून सुमारे तासाभरापर्यंतच्या निवडक चित्रपटांचा विचार केला आहे. वारशाने ज्यांना आपल्यात जागा दिली नाही, त्यांच्याच नजरेतून हे चित्रपट वारशाची तपासणी करतात, हे दाखविणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

मिथकांचा ग्रीस : ग्रेगरी मार्कोपूलॉस

मार्कोपूलॉस यांचा जन्म १९२८ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात टोलीडो येथे, ग्रीक स्थलांतरित कुटुंबात झाला. अमेरिकन प्रायोगिक चित्रपटाच्या इतिहासात त्यांचे स्थान मोठे आहे. त्यांच्या चित्रपटांत स्थलांतरितांची वस्ती, दुकान, चर्च, लग्नसमारंभ असे काहीही दिसत नाही. दिसतात ती मिथके. १९६३ मधील 'ट्वाइस अ मॅन' या चित्रपटामागे हिप्पोलिटसची कथा आहे. सावत्र आईचे प्रेम नाकारल्यामुळे मृत्यू ओढवलेला आणि वैद्यदेव अस्क्लेपियसने पुन्हा जिवंत केलेला हा तरुण चित्रपटात न्यूयॉर्कमध्ये वावरतो. त्याच्या एका बाजूला आई आहे, तर दुसऱ्या बाजूला त्याच्यावर प्रेम करणारा कलावंत-वैद्य आहे. तरुणपणीच्या आईची भूमिका ओलिम्पिया डुकाकिस यांनी केली आहे. त्याही ग्रीक स्थलांतरितांच्याच कन्या होत्या, हा योगायोग लक्षणीय आहे.

या चित्रपटाचे मर्म त्याच्या संकलनात आहे. एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात जाताना पुढील दृश्याच्या मोजक्या चौकटी आधीच लुकलुकून जातात आणि मागील दृश्याच्या चौकटी परत येतात. स्मृती मनात जशी येते, तसाच हा क्रम आहे. ती सलग येत नाही, मध्येच चमकून जाते. पुरुषावर प्रेम करणाऱ्या तरुणाला १९६३ च्या अमेरिकेत कायद्याने आणि समाजाने स्थान दिले नव्हते. ग्रीक कुटुंबव्यवस्थेतही ते नव्हते. मार्कोपूलॉस यांनी त्याला ते स्थान कुटुंबाहूनही जुन्या अशा मिथकात मिळवून दिले. येथे मिथक हा पलायनाचा मार्ग ठरत नाही. आईवडिलांच्या पिढीला ओलांडून थेट पूर्वजांशी नाते जोडण्याची ती युक्ती आहे.

१९६७ मधील 'ब्लिस' हा अवघ्या सहा मिनिटांचा लघुपट हायड्रा बेटावरील संत योहानाच्या चर्चच्या अंतर्भागाचे चित्रण करतो. भिंतींवरील चित्रे आणि त्यांवरचा प्रकाश एकमेकांवर चढत जातात. हे संकलन नंतर टेबलावर झालेले नाही, चित्रण करतानाच कॅमेऱ्यात झालेले आहे. परंपरेकडे इतक्या निःशब्द आदराने पाहणारे लघुपट थोडे असतील. तरीही एक प्रश्न उरतोच. याच वर्षी, २१ एप्रिल १९६७ रोजी, ग्रीसमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. 'ब्लिस'मधील ग्रीसमध्ये प्रकाश आहे, भिंती आहेत, पण त्या क्षणी तेथे जगणारा माणूस नाही. दूर राहून जपलेल्या वारशाला असा निर्मनुष्यतेचा धोका असतो.

१९६७ मध्येच मार्कोपूलॉस अमेरिका सोडून युरोपात आले. पुढे त्यांनी आपले चित्रपट वितरणातून काढून घेतले आणि ते दाखविण्यासाठी पेलोपोनीजमधील लिसारिया या वडिलांच्या गावाजवळची जागा निवडली. तिला त्यांनी 'टेमेनोस', म्हणजे देवासाठी राखून ठेवलेली भूमी, असे नाव दिले. जुन्या-नव्या चित्रणातून रचलेला 'एनियाइओस' हा सुमारे ऐंशी तासांचा, बावीस आवर्तनांचा मूकपट पडद्यावर पाहण्यापूर्वीच १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. २००४ पासून काही वर्षांच्या अंतराने तेथे उघड्या आकाशाखाली त्याचे भाग दाखविले गेले. मुलाने परत येऊन गावाजवळ घर न बांधता पडदा उभारावा, ही घटना त्यांच्या कोणत्याही चित्रपटाइतकीच अर्थपूर्ण आहे.

घराचा ग्रीस : अ‍ॅना कोकिनोस

मार्कोपूलॉस यांनी जे घर ओलांडले, त्याच घरात अ‍ॅना कोकिनोस शिरतात. १९५८ मध्ये मेलबर्न येथे ग्रीक कुटुंबात जन्मलेल्या कोकिनोस आधी वकिली करीत होत्या. चित्रपटशिक्षणाच्या काळातील त्यांचा 'अंतामोसी' (१९९१) हा कृष्णधवल लघुपट ग्रीक-ऑस्ट्रेलियन कुटुंबातील तीन पिढ्यांच्या स्त्रियांभोवती गुंफला आहे. या शीर्षकाचा अर्थ पुनर्भेट असा होतो. स्थलांतराचा इतिहास सामान्यतः बोटीतून उतरणाऱ्या पुरुषाचा, त्याच्या कष्टांचा आणि यशाचा म्हणून सांगितला जातो. आजी, आई आणि मुलगी यांना केंद्रस्थानी आणताच तो इतिहास बदलतो. मग वारसा म्हणजे स्मारक राहत नाही; एका स्त्रीने दुसरीवर सोपविलेले मौन, जबाबदारी आणि अपेक्षा म्हणजे वारसा असे त्याचे रूप होते.

'ओन्ली द ब्रेव्ह' (१९९४) हा सुमारे तासाभराचा चित्रपट त्यापुढे जातो. मेलबर्नच्या पश्चिमेकडील कारखान्यांच्या उपनगरात ॲलेक्स आणि विकी या दोन ग्रीक वंशाच्या शाळकरी मुली राहतात. ॲलेक्सची आई घर सोडून गेली आहे आणि मुलीला तिचा शोध घ्यायचा आहे. विकीच्या घरात बापाची दहशत आहे. मुली आगी लावतात आणि अखेरची शोकांतिकाही आगीतूनच येते. या उपनगरात प्राचीन ग्रीसचा मागमूस नाही. ॲलेक्सच्या मनात स्त्रीविषयी जागणाऱ्या ओढीला तिच्या समाजात नावही नाही. ऑस्ट्रेलियाने १९७० च्या दशकात बहुसांस्कृतिकतेचे धोरण स्वीकारले. त्या धोरणाच्या उत्सवी चित्रात खाद्यपदार्थ, नृत्य, वेशभूषा यांना स्थान असते. या दोन मुली मात्र त्या चित्राबाहेर राहतात. कोकिनोस यांचे खरे योगदान येथे आहे. आपल्या समाजाविषयी परक्यांसमोर चांगलेच बोलावे, हा स्थलांतरितांचा अलिखित नियम त्यांनी मोडला.

या धैर्याला एक मर्यादाही आहे. 'ओन्ली द ब्रेव्ह'मधील पित्याची बाजू पुरेशी उलगडत नाही. स्थलांतरित पुरुष हिंसक असतो, या बहुसंख्य समाजाच्या पूर्वग्रहाला त्यामुळे नकळत दुजोरा मिळू शकतो. ख्रिस्टोस सिओल्कास यांच्या 'लोडेड' या कादंबरीवर आधारित 'हेड ऑन' (१९९८) या पूर्ण लांबीच्या चित्रपटाच्या आरंभी कोकिनोस यांनी बोटीने आलेल्या स्थलांतरितांची जुनी छायाचित्रे वापरली. बापांच्या पिढीचे कष्ट त्यामुळे निदान प्रेक्षकांसमोर येतात. लघुपटात राहून गेलेली जागा त्यांनी अशी काही अंशी भरून काढली, असे म्हणता येईल.

दुभंगाचा वारसा : अँथनी मारास

ॲडलेडचे ग्रीक वंशाचे दिग्दर्शक अँथनी मारास यांचा 'द पॅलेस' (२०११) हा लघुपट सायप्रसकडे वळतो. १५ जुलै १९७४ रोजी तेथे ग्रीक लष्करशाहीच्या पाठिंब्याने सत्तापालट झाला आणि २० जुलै रोजी तुर्की सैन्य बेटावर उतरले. तेव्हापासून बेट दुभंगलेलेच आहे. लघुपटात एक ग्रीक-सायप्रियट कुटुंब ऑटोमन काळातील जुन्या वाड्यात लपते आणि सक्तीने भरती झालेला तरुण तुर्की सैनिक तेथे पोहोचतो.

स्थलांतरितांच्या घरी शत्रूच्या कथाही वारसा म्हणून मिळतात. मायदेशात काळाच्या ओघात द्वेषाची धार कमी होऊ शकते. परदेशात जपलेला द्वेष मात्र गोठून राहतो. मारास तो द्वेष पुढे चालवीत नाहीत. आज्ञा आणि विवेक यांच्यामध्ये सापडलेल्या सैनिकाला ते चेहरा देतात. ग्रीकांचा आसराही शत्रूच्या पूर्वजांनी बांधलेला वाडाच असावा, यातून बेटाचा सामायिक भूतकाळ बोलतो. पाहुणा इतिहास सांगत असल्याने १९६० च्या दशकातील जमातवादी हिंसाचाराची पार्श्वभूमी येथे गाळली गेली आहे, हेही नमूद करावे लागेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यावरील 'हॉटेल मुंबई' (२०१८) हा चित्रपट याच मारास यांनी दिग्दर्शित केला. वास्तूत दबा धरून बसलेली माणसे आणि दुसऱ्याच्या हुकमावर चालणारे तरुण बंदूकधारी ही रचना 'द पॅलेस'मध्येच घडली होती, हे ताज हॉटेल परिचयाचे असलेल्या प्रेक्षकाला सहज जाणवेल.

निष्कर्ष

१. तिन्ही दिग्दर्शकांचा ग्रीस एक नाही. तो मार्कोपूलॉस यांच्याकडे मिथकात, कोकिनोस यांच्याकडे घरात आणि मारास यांच्याकडे दुभंगलेल्या भूमीत आहे. त्यामुळे 'ग्रीक अस्मिता' असा एकवचनी शब्दप्रयोग सावधपणे करावा लागतो.

२. समलिंगी तरुण, बंडखोर मुलगी आणि शत्रूचा सैनिक ही वारशाच्या अधिकृत कथेत न बसणारी पात्रेच या चित्रपटांच्या केंद्रस्थानी आहेत.

३. लघुपटाची आटोपशीर लांबी या आशयाला पोषक ठरते. पूर्ण लांबीच्या चित्रपटाकडून मायदेशी परतण्याची अथवा समेटाची अपेक्षा केली जाते. लघुपट प्रश्न तीव्र करून थांबू शकतो.

४. प्रत्येक निवडीत काहीतरी गाळले जाते. मार्कोपूलॉस यांच्याकडे वर्तमान, कोकिनोस यांच्याकडे पित्याची बाजू, तर मारास यांच्याकडे आधीचा इतिहास सुटतो.

समारोप

वारस होणे म्हणजे मिळालेले निमूटपणे सांभाळणे नव्हे, आणि ते झुगारून देणेही नव्हे. कोणाला वगळून हा वारसा तयार झाला, हे विचारण्याचा अधिकारही वारसालाच असतो. या लघुपटांनी तो अधिकार बजावला. स्थलांतरितांच्या कलाकृती वर्गात शिकविताना 'पात्र कोणत्या देशाचे?' यापेक्षा 'या पात्राला कोणत्या कथेत जागा नाकारली गेली?' असा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवला, तर चर्चा अस्मितेच्या ठराविक सूत्रांपलीकडे जाऊ शकेल.