गव्हर्न्मेंट हाउस (वास्तुकला)

ब्रिटिश अंमलातील भारतात गव्हर्नर जनरल, गव्हर्नर व अन्य प्रांतप्रमुख यांच्यासाठी बांधलेले अधिकृत निवासस्थान. इंग्लंडमधील उमरावांचा ग्रामप्रासाद हा या वास्तुप्रकाराचा मुख्य आदर्श होय. ग्रामप्रासाद हे वंशपरंपरागत जमीनजुमल्याचे केंद्र असे व कुळांच्या खंडावर त्याचा डोलारा उभा राही. गव्हर्न्मेंट हाउस मात्र सरकारी खजिन्यातून बांधले जाई आणि त्यातील रहिवासी काही वर्षांनी बदलत. घरगुती सोयीपेक्षा सत्तेच्या प्रदर्शनाला त्यात प्राधान्य मिळाले, याचे कारण हेच.

कोलकात्याची वास्तू (१७९९–१८०३) वेलस्लीच्या कारकीर्दीत चार्ल्‌स वायट याने डर्बीशरमधील केडल्स्टन हॉलच्या धर्तीवर रचली. केडल्स्टनच्या मूळ आराखड्यातील चार उपगृहांपैकी दोनच बांधली गेली होती. कोलकात्यात चारही बांधण्यात आली. त्यांच्या विलग मांडणीमुळे वारा खेळता राहिला, हा या आराखड्याचा मोठा गुण. उलट, स्वयंपाकघर मुख्य वास्तूपासून फार दूर पडल्याने निवासस्थान या नात्याने ती गैरसोयीचीच राहिली.

पुण्याजवळील गणेशखिंडीची वास्तू (१८६४–७१) गव्हर्नर बार्टल फ्रिअर याने सुरू केली. जेम्स ट्रबशॉ याच्या या इटालियन वळणाच्या रचनेचे आइल ऑफ वाइट बेटावरील ऑझ्बर्न हाउसशी साम्य आहे. शहराबाहेरील मोकळे आवार व उंच मनोरा यांमुळे ती ग्रामप्रासादाच्या अधिक जवळ जाते. तिच्या खर्चावर ब्रिटिश संसदेत टीका झाली. १९४९ पासून ती विद्यापीठाची मुख्य इमारत आहे.

नागपूर येथील वास्तू मध्य प्रांतांच्या मुख्य आयुक्तासाठी १८९१ मध्ये सदर भागातील टेकडीवर बांधण्यात आली. १९२० पासून ती गव्हर्नरचे व स्वातंत्र्योत्तर काळात राज्यपालांचे निवासस्थान झाली. १९५६ मध्ये नागपूरचे राजधानीपद गेले. परंतु १९६० नंतर उपराजधानीतील राज्यपालांचे निवासस्थान म्हणून तिचा उपयोग चालू राहिला. कोलकात्याची भव्यता किंवा गणेशखिंडीचा मनोरा तिला लाभलेला नाही. तिचे महत्त्व टेकडीच्या विस्तीर्ण, वृक्षाच्छादित आवारात आहे. इमारत आणि भोवतालची भूमी यांचा एकत्रित विचार हे ग्रामप्रासादाचे मूलतत्त्व या आवारात टिकून राहिले आहे. म्हणूनच अशा वास्तूंच्या जतनात दर्शनी भागाइतकेच आवाराच्या अखंडतेलाही स्थान देणे अगत्याचे ठरते.