न ऐकलेल्या रेडिओची आठवण

‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ या गाण्याची गोष्ट सहसा शेवटाकडून सांगितली जाते. 1 ऑगस्ट 1981 रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली आणि तिने पहिला व्हिडिओ याच गाण्याचा दाखवला. तेव्हापासून हे शोकगीत विजयाची दवंडी म्हणून ऐकले जाते. मला त्यातला शोकच तपासून पाहावासा वाटतो.

‘द बगल्स’ म्हणजे ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स ही ब्रिटिश जोडी. रचनेत ब्रूस वूली हा तिसरा भागीदार होता. त्याने हे गाणे आपल्या वाद्यवृंदासह वेगळे ध्वनिमुद्रितही केले. जोडीची तबकडी सप्टेंबर 1979 मध्ये आली आणि ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. एमटीव्हीला अजून जवळपास दोन वर्षे अवकाश होता.

गाण्यात 1952 सालचा उल्लेख येतो. त्या वर्षी हॉर्न तीन वर्षांचा झाला. डाउन्सचा तर जन्मच त्या वर्षीचा. मग ही आठवण कुणाची? हॉर्नने जे. जी. बॅलर्डच्या ‘द साउंड-स्वीप’ (1960) या कथेचे ऋण सांगितले आहे. तिथे कानांना ऐकू न येणारे संगीत रूढ झाले आहे, साचलेले आवाज झाडून नेणारा एक मुका माणूस आहे आणि श्रोते गमावलेली एक ऑपेरा गायिका आहे. भूतकाळाची ही ओढ आली ती भविष्यकाळाच्या कथेतून.

ध्वनिमुद्रणातही तेच. हॉर्नचा आवाज जुन्या रेडिओतून यावा तसा मुद्दाम चपटा केलेला, आणि भोवती सिंथेसायझर. यंत्राविरुद्धची तक्रार यंत्रानेच सजवली आहे. याला मी ढोंग म्हणणार नाही. जे तो काळ जगले, त्यांना आठवण पुरते. जे जगले नाहीत, त्यांना तो घडवावा लागतो, आणि तोही हाताशी असलेल्या हत्यारांनीच.

मुंबईत या गाण्याचे पुढे जे झाले, ते म्हणूनच मला महत्त्वाचे वाटते. ‘डिस्को डान्सर’मधल्या (1982) ‘औवा औवा’साठी बप्पी लाहिरींनी ही चाल उचलली, उषा उथुप यांच्यासोबत ते स्वतः गायले. रेडिओ गळला, 1952 गळले; उरली हाक आणि नाच. आपल्याकडे याची नोंद ‘चोरी’ या एका शब्दात संपते. ती चोरी होतीच. पण नकळत समीक्षाही होती. शोक शब्दांत होता, चालीत तो कधीच नव्हता. चाल पहिल्यापासून नव्या यंत्रावर खूश होती.