जागच्या जागी

भाचा म्हणाला, "मामा, हा गेम तुमच्यासाठीच आहे. मारामारी नाही, पळापळ नाही. नुसतं फिरायचं." माझ्या प्रकृतीविषयी त्याचं मत काय, ते कळलं.

गेमचं नाव 'गॉन होम'. फुलब्राइट नावाच्या अमेरिकन मंडळींनी २०१३ साली काढलेला. १९९५ च्या जूनमधली रात्र, धो धो पाऊस. थोरली लेक युरोपहून घरी येते, तर घरात चिटपाखरू नाही. आईबाप कुठं? धाकटी बहीण कुठं? आपण खोल्या हिंडायच्या, खण उघडायचे, चिठ्ठ्या वाचायच्या. मी दारव्ह्याचा, म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतलेवर वाढलेला माणूस. ती गाडी वाटेतल्या प्रत्येक बाभळीची विचारपूस करत जायची. त्याच चालीनं मी हिंडलो. खोलीतून निघताना दिवाही मालवायचो.

"मामा, तिथलं बिल तुम्हाले थोडंच येऊन राह्यलं!" भाचा करवादला.

उचललेली वस्तू जागच्या जागी परत ठेवायची सोय मात्र फार आवडली. आमच्या घरात ती अजून आलेली नाही.

विजा कडाडतात, फळ्या करकरतात. आता भूत येणार म्हणून मी उशी कवटाळून बसलो. भूत येतच नाही. भीती वाटते ती आपल्या माणसांचं काय झालं असेल याची. वातावरण म्हणतात ते हेच.

खटकलं ते एवढंच, की ठरावीक वस्तूला हात लावला की धाकटी आपल्या आवाजात सगळं सांगू लागते. बापाचं तसं नाही. न खपलेल्या पुस्तकांचे खोके, चार कागद; जुळवायचं आपण. मला बापच जास्त कळला. न खपलेल्या पुस्तकांशी माझा घरोबा आहे, तो भाग वेगळा.

पुढं महिन्याभरानं आईचं दारव्ह्याचं बंद घर आवरायला गेलो. फडताळात एक पत्र्याचा डबा. त्यात माझी कॉलेजातली पत्रं. प्रत्येकात शेवटची ओळ एकच: पैसे पाठवा. खाली मनिऑर्डरीच्या पावत्या. त्याखाली सराफाकडच्या गहाणाच्या चिठ्ठ्या. तारखा लावून पाहिल्या. चिठ्ठी आधी, दोन दिवसांनी मनिऑर्डर. दर वेळी. 'पाटल्या हाताला रुततात रे,' म्हणून आईनं त्या घालणं सोडलं होतं, असं मी आजवर धरून चाललो होतो.

"काय सापडलं, मामा?" भाच्यानं दारातून विचारलं.

"काही नाही रे."

डबा जागच्या जागी ठेवला आणि दिवा मालवला.