चालू पडद्यावर बोलण्याची कला

मराठी दूरचित्रवाणीवर चित्रपटांची टिंगल भरपूर होते, पण ज्याची टिंगल चालली आहे तो चित्रपट मात्र कुठं दिसत नाही. 'चला हवा येऊ द्या' २०१४ साली झी मराठीवर सुरू झालं आणि पुढची दहा वर्षं मराठी घरांनी ते जेवणाची ताटं पुढ्यात घेऊन बघितलं. गाजलेल्या चित्रपटांची विडंबनं हा त्याचा हुकमी ऐवज होता. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे, भारत गणेशपुरे ही सगळी तयारीची माणसं. भाऊ कदमांनी एक शब्द न बोलता नुसती मान वळवली तरी हशा पिकायचा. त्यांच्या ताकदीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तक्रार आहे ती मांडणीबद्दल. समोर सोफ्यावर पाहुणे बसलेले असायचे, त्यांचा नवा चित्रपट येत्या शुक्रवारी लागायचा असायचा, आणि त्यांच्याच जुन्या चित्रपटाचं विडंबन त्यांच्यापुढं सादर व्हायचं. पाहुण्याला बोलावून त्याच्या तोंडावर 'तुमचा हा प्रसंग खोटा होता, आणि तो अमुक कारणानं खोटा होता' असं कोण म्हणणार? मग टिंगल टोपावर, साडीवर, बोलण्याच्या लकबीवर येऊन थांबते. नायिकेच्या वेशात पुरुष येतो, नायकाचं गाजलेलं वाक्य वाकडं करून म्हणतो, पाहुणे डोळे पुसत हसतात आणि जाहिराती लागतात.

सोनी मराठीवरच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'नं २०१८पासून प्रहसनाचं लिखाण खूप वर नेलं, हे मोकळ्या मनानं सांगायला हवं. पण तिथंही चित्रपट हा निमित्तापुरता येतो. अख्खा चित्रपट समोर ठेवून, त्याच्या चुका, त्याची भोळी हिंमत, त्याचे रिकामे क्षण यांच्याशी तास-दीड तास झुंजणारा विनोद मराठीत अजून कुणी उभा केलेला नाही.

असा विनोद जगात झाला आहे आणि तो गरिबीतून झाला आहे. १९८८च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या एका लहान स्थानिक वाहिनीवर जोएल हॉजसन या विनोदवीरानं 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' सुरू केलं. गोष्ट अशी की वेडे शास्त्रज्ञ एका साध्या कामगाराला अंतराळात पाठवतात आणि तिथं त्याला भिकार चित्रपट बघायला लावतात. एकटेपणा घालवायला तो यानाच्या सुट्या भागांतून यंत्रमानव बनवतो. पडद्यावर खरोखरच एखादा जुना विज्ञानपट चालू असतो, आणि खालच्या कोपऱ्यात खुर्च्यांच्या काळ्या आकृत्यांत हा माणूस आणि त्याचे दोन यंत्रमानव पाठमोरे बसलेले दिसतात. चित्रपट चालू, यांची तोंडंही चालू. टॉम सर्व्हो या यंत्रमानवाचं डोकं म्हणजे गोळ्या विकायच्या यंत्राचा पारदर्शक गोळा. दुसरा क्रो, तोही असाच घरगुती आणि खेळाच्या वस्तूंतून जुळवलेला. 'रोबॉट मॉन्स्टर' नावाचा १९५३चा चित्रपट त्यांनी सुरुवातीलाच घेतला होता. त्यात पृथ्वीवर चाल करून आलेला परग्रहवासी म्हणजे गोरिल्लाचा पोशाख चढवलेला आणि डोक्यावर पाणबुड्याचं शिरस्त्राण घातलेला एक माणूस आहे.

या कार्यक्रमामागची मेहनत लक्षात घेतली पाहिजे. लेखकमंडळी एका खोलीत बसून तो चित्रपट थांबवत, मागं नेत, पुन्हापुन्हा बघत. कुणाच्या तोंडून काय निघतं ते टिपून ठेवत आणि मग पात्रांच्या दोन वाक्यांमधल्या फटीत आपलं वाक्य बसवत. मूळ संवाद झाकला गेला तर विनोद मेला. त्यामुळं त्या चित्रपटाचा श्वास त्यांना पाठ असायचा. ज्या दिग्दर्शकाचं नावही कुणाला ठाऊक नाही, त्याचं काम त्याच्या हयातीत कुणी इतकं बारकाईनं बघितलं नसेल. १९९३ साली या कार्यक्रमाला पीबडी पुरस्कार मिळाला तो उगीच नाही.

आता कुणी म्हणेल, हे अमेरिकेचं, आपल्याकडं कसं जमायचं? मला हे म्हणणं मुळीच पटत नाही, आणि न पटण्याचं कारण सांगली जिल्ह्यातलं कुंडल हे गाव आहे.

कुंडल म्हटलं की लोकांना प्रतिसरकार आठवतं, क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड आठवतात. तितकीच या गावाची ओळख कुस्तीची. इथलं मैदान महाराष्ट्रभर नावाजलेलं. त्या मैदानात आखाड्याकाठी ध्वनिक्षेपक हातात घेऊन जो निवेदक उभा असतो त्याचं काम नीट ऐका. कुस्ती चालू असताना तो बोलतो. दोन मल्ल मानेला मान लावून नुसते खडाखडी करत उभे आहेत, डाव लागत नाही, तेव्हा तो पैलवानाचं गाव सांगतो, तालीम सांगतो, वस्ताद सांगतो, आज्या-पणज्याच्या कुस्त्या काढतो. पब्लिक हलायला लागलं की एखादी कोपरखळी मारतो, आणि लढत रेंगाळवणाऱ्या मल्लाला ती बरोबर लागते. मग एकानं पटात शिरून पाय उचलला की निवेदक गप्प. तेवढा वेळ हलगीचा. पाठ मातीला लागली की पुन्हा आवाज. कधी बोलायचं आणि कधी तोंड मिटायचं हे ज्याला कळतं, आणि घिस्सा कुठला नि कलाजंग कुठला हे ज्याला अर्ध्या क्षणात ओळखता येतं, तोच हे करू शकतो. चालू खेळावर बोलण्याची ही कला मिनियापोलिसच्या त्या काळ्या आकृत्यांच्या कलेची सख्खी बहीण आहे. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात ती रोजच्या व्यवहारातली आहे.

तमाशाकडं बघा. सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरच्या लहू-अंकुश खाडे या जुळ्या भावांनी काळू-बाळू या नावानं 'जहरी प्याला' या वगात हवालदार उभे केले आणि पिढ्यान् पिढ्यांना हसवलं. पठ्ठे बापूराव याच जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे. तमाशाची गवळण तर पुराणकथेचंच विडंबन आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण अडवतो आणि मावशी त्याच्याशी अशी हुज्जत घालते की देवालाही जबाब सुचू नये. मावशीला कृष्णाची गोष्ट पुरती ठाऊक असते. तिची भक्तीही खरी आणि थट्टाही खरी. सोंगाड्याचा तर धंदाच हा: गंभीर प्रसंग चालू असताना बाजूला उभं राहून प्रेक्षकांच्या मनातलं बोलून टाकणं.

आणि तंबूतला सिनेमा. जत्रेत ट्रकवरून प्रोजेक्टर यायचा, माळावर तंबू पडायचा, रीळ तुटलं की शिट्ट्यांचा गदारोळ व्हायचा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या २०१६च्या माहितीपटात महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजचा शेवटचा काळ फार मायेनं टिपला आहे. तंबूतला प्रेक्षक मुका नव्हता. तो नायकाला सावध करायचा, खलनायकाला शिव्या घालायचा आणि दिग्दर्शकाच्या चुका मोठ्यानं काढायचा. आमच्या भागात दारासिंगचा चित्रपट लागला की यात विशेष रंग भरायचा, कारण समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचे कान तालमीत मोडलेले. पडद्यावरची पकड ढिली आहे, समोरचा मल्ल आपणहून पडतोय, हे त्यांना तिथल्या तिथं दिसायचं आणि ते तसं सांगायचे. हे सांगण्यात हेवा नसायचा. दारासिंग त्यांना जवळचा वाटे, म्हणून त्याच्यासमोर खोटा मल्ल उभा केलेला त्यांना खपत नसे.

याच दारासिंगला घेऊन टी. पी. सुंदरम यांनी १९६७ साली 'चाँद पर चढाई' काढला. आर्मस्ट्राँगचं पाऊल चंद्रावर पडायला अजून दोन वर्षं होती, आणि आपला पैलवान तिथं पोचून तिथल्या योद्ध्यांशी आणि राक्षसी प्राण्यांशी झुंजतही होता. मला हा चित्रपट मनापासून आवडतो. कागद, पत्रा आणि प्लायवूड यांतून चंद्र उभा करायला धाडस लागतं. पण त्यावर बोलण्यासारखंही काय काय आहे! चंद्रावर वजन पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याइतकं. तिथं खरोखरच धोबीपछाड टाकला तर समोरचा गडी किती वर जाईल, किती सावकाश खाली येईल, आणि पाठ टेकेपर्यंत पंचांनी काय करायचं? पडद्यावरचा चंद्र मात्र कुठल्याही आखाड्याइतकाच जड आहे. हे ओळखून त्यावर नेमक्या क्षणी वाक्य टाकायला भौतिकशास्त्रही लागतं आणि कुस्तीही. या दोन्हींचे जाणकार कुंडलच्या पंचक्रोशीत एका बाकावर बसलेले सापडतील.

मराठीपुरतं बोलायचं तर एक अडचण खरी आहे. आपलं विज्ञानसाहित्य भक्कम आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावानं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं, तिथून बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी फळीच उभी राहिली. पडद्यावर मात्र जवळजवळ दुष्काळ. सुजय डहाकेंचा 'फुंतरू' २०१६चा, आणि त्यासारखं दुसरं नाव आठवायला वेळ लागतो. म्हणून आपल्याला थट्टेसाठी माल शोधायचा तर हिंदी विज्ञानपट, जुने चमत्कारपट आणि महेश कोठारेंच्या 'धडाकेबाज', 'झपाटलेला'सारख्या चित्रपटांकडं जावं लागेल. ते काही वाईट नाही. या चित्रपटांवर लोकांचा जीव आहे, आणि जीव असल्याशिवाय ही थट्टा नुसती टवाळी होते.

महाराष्ट्रात एका गावानं मात्र हे ओळखलं होतं. मालेगावात नासिर शेखनं २००० साली 'मालेगाव के शोले' काढला आणि पुढं सुपरमॅनलाच मालेगावात आणलं. सुपरमॅन झाला शफीक, हाडकुळा यंत्रमाग कामगार. फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा २००८चा माहितीपट त्या चित्रीकरणाची गोष्ट सांगतो. बैलगाडीची क्रेन होते, सायकलीची ट्रॉली होते, चित्रीकरणाच्या मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो आणि सगळं काम ठप्प होतं. शफीक पुढं कर्करोगानं गेला. रीमा कागतींच्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'नं ही कथा मोठ्या पडद्यावर आणली. मालेगावच्या विडंबनात हॉलिवूडवर हसू आहे, पण त्याहून जास्त त्यांचं स्वतःचं शहर आहे: धूर, कचरा, दमलेली फुप्फुसं. अमेरिकन सुपरमॅनची ताकद या शहरात आली तर तिचं काय होईल, हा प्रश्न त्यांनी गंभीरपणे विचारला. म्हणून त्या चित्रपटाचं मोल झगमगत्या सेटवरच्या कितीतरी विडंबनांपेक्षा मोठं आहे.

आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावानं 'झेंडूची फुले' लिहिली तेव्हा त्यांना रविकिरण मंडळाच्या कवींची वृत्तं, लाडके शब्द, अश्रू ढाळायच्या जागा तोंडपाठ होत्या. ज्या कवितेवर ते हसत होते तिच्या आत शिरून ते हसत होते. शंभर वर्षांपूर्वी कवितेच्या बाबतीत जे आपल्याला जमलं ते चित्रपटाच्या बाबतीत का अडावं?

माझ्या मनात एक कार्यक्रम पक्का उभा आहे. पडद्यावर 'चाँद पर चढाई'. समोर तीन खुर्च्या. एकीवर फडातला मुरलेला सोंगाड्या, दुसरीवर मैदान गाजवणारा कुस्ती-निवेदक, आणि मधल्या खुर्चीवर अर्धवटराव. य. के. पाध्ये यांनी घडवलेली ही बाहुली शंभरीची झाली, रामदास पाध्यांनी तिला दूरचित्रवाणीच्या काळात आणलं, 'झपाटलेला'मधला तात्या विंचूही त्यांच्याच हातचा. मालकाला मध्येच अडवून उलट बोलणारी बाहुली मराठी माणसाच्या इतकी ओळखीची आहे की त्याच्यासाठी अंतराळयानाची गोष्ट रचायचीही गरज नाही. कलावंत आहेत, परंपरा आहे, प्रेक्षक तर आहेतच. जुने मराठी चित्रपट झी टॉकीजसारख्या वाहिन्या रोज दुपारी दाखवतात. हक्कांचा प्रश्न अवघड आहे खरा. अमेरिकेतल्या त्या कार्यक्रमाचेही काही भाग चित्रपटाचे हक्क संपल्यामुळं वर्षानुवर्षं अडकून पडले. पण दुपारी तीनच्या सुमारास कुणीही बघत नसलेला चित्रपट असा रात्री नऊला दाखवायला मिळाला तर त्याच्या मालकाचं त्यात भलंच आहे.

आणि भलं चित्रपटाचंही आहे. टेक्सासमधल्या एल पासोच्या हॅरोल्ड वॉरेन नावाच्या खतविक्रेत्यानं पैजेखातर 'मॅनोस: द हँड्स ऑफ फेट' नावाचा चित्रपट १९६६ साली काढला. कॅमेरा असा की एका वेळी अर्ध्या मिनिटाहून थोडंच जास्त चित्रीकरण व्हायचं. सुरुवातीला मोटार कितीतरी वेळ नुसती धावत राहते. लोक तो विसरून गेले. १९९३ साली त्या तीन आकृत्यांनी त्यावर तोंडसुख घेतलं आणि चित्रपट जगभर माहीत झाला. पुढं एका तरुणाच्या हाती त्याची मूळ प्रत लागली, आणि लोकांनी वर्गणी काढून तिचं चित्र न् चित्र स्वच्छ केलं, कारण एव्हाना त्या चित्रपटावर हसलेल्या हजारोंना तो वाचावासा वाटत होता. आपल्याकडं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ठेव्यातली नायट्रेटची रिळं २००३च्या आगीत जळाली. गेलं ते गेलं. पण जे डब्यांत उरलं आहे, त्यातले चंद्र, राक्षस, उडते गालिचे आणि पत्र्याची यानं, त्यांच्यासाठी वर्गणी काढणारा मराठी प्रेक्षक आधी त्यांच्यावर पोटभर हसलेला असावा लागेल, आणि तशी सोय आज एकाही वाहिनीवर नाही.