प्राचीन डीएनए आणि वशिंडाच्या गुरांचे मूळ

गुरांच्या उत्पत्तीचा विचार पूर्वी अस्थी, मृण्मय मूर्ती व मुद्रा यांवरच अवलंबून असे. प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने त्यास नवे प्रमाण लाभले. व्हेर्दुगो, ब्रॅडली व त्यांचे सहकारी यांचा 'सायन्स'मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेला निबंध या दृष्टीने महत्त्वाचा होय. पश्चिम आशियातील ६७ प्राचीन गुरांच्या अवशेषांवरून, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीपासून तेथील कळपांत वशिंडाच्या गुरांचा वंश झपाट्याने मिसळला, असे तो दाखवितो. मातेकडूनच येणारा मायटोकाँड्रियातील डीएनए मात्र फारसा पालटला नाही. यावरून संकर मुख्यतः वळूंच्या द्वारे झाला, हे अनुमान सयुक्तिक ठरते.

या संकरास दीर्घकालीन अवर्षण कारण झाले असावे, हे प्रतिपादन तितके दृढ नाही. दोन घटना समकालीन असल्या म्हणजे त्यांत कार्यकारणभाव असतोच असे नाही. व्यापारामुळेही वळू दूरदेशी जाऊ शकतात. शिवाय हा वंश सिंधूच्या खोऱ्यातून आला असे म्हणताना तेथील प्राचीन नमुना निबंधकारांपाशी नाही. उष्ण हवामानात डीएनए लवकर नष्ट होतो. मेहेरगढच्या अस्थी आणि आजच्या गुरांशी असलेले वंशसाम्य यांवरच तो दुवा आधारलेला आहे. तात्पर्य, या निबंधाने संकर सिद्ध झाला. उगमाचे प्रत्यक्ष प्रमाण मात्र भारतीय उपखंडातील उत्खनित अस्थींतच शोधावयास हवे.